मुक्काम वेगळा, रात्र वेगळी: हॉटेलांच्या सदस्यत्व योजनांतील मोजदाद

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणारा सोलापूरचा टॉवेल-चादरीचा व्यापारी बहुधा एकच रात्र हॉटेलात काढतो, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कारखान्याचा तंत्रज्ञ कामासाठी बाहेरगावी गेला की त्याचे सात-सात दिवस तिथेच जातात. दोघेही एकाच हॉटेलसाखळीचे सदस्य असले, तरी त्यांच्या खात्यांवर सारखी नोंद होत नाही, कारण मुक्काम आणि रात्र या दोन गोष्टी योजना स्वतंत्रपणे मोजतात.

रात्रीचा हिशेब सरळ आहे. मुक्कामाचा मात्र तसा नाही. हिल्टन आणि मॅरियट या दोन्ही साखळ्यांच्या नियमांनुसार एकाच हॉटेलात सलग काढलेल्या सर्व रात्री मिळून एकच मुक्काम होतो, मग सदस्याने मध्ये चेक-आउट करून पुन्हा चेक-इन केले असले तरीही. समजा, व्यापाऱ्याने सोमवारची खोली एका बुकिंगवर आणि मंगळवारची दुसऱ्या बुकिंगवर घेतली, मंगळवारी सकाळी काउंटरवर बिल चुकते केले, किल्लीचे कार्ड परत दिले आणि दुपारी नवे कार्ड घेतले. त्याच्या हाती दोन बिले आली, तरी मुक्काम एकच धरला जाईल, कारण मध्ये एकही रात्र रिकामी गेलेली नाही. मंगळवारी तो त्याच साखळीच्या दुसऱ्या हॉटेलात गेला असता, तर मात्र दोन मुक्काम झाले असते. हा नियम मला रास्त वाटतो. तो नसता तर बुकिंगचे तुकडे पाडून कोणीही मुक्काम वाढवले असते.

या मोजणीवर सदस्याची श्रेणी, म्हणजे योजनेतील त्याचा दर्जा, ठरते. हिल्टनची सिल्व्हर श्रेणी 4 मुक्कामांवर किंवा 10 रात्रींवर मिळते. व्यापाऱ्याला एकेका रात्रीच्या चार फेऱ्या पुरतात, तर तंत्रज्ञाच्या सात रात्री म्हणजे अवघा एक मुक्काम, आणि रात्रींच्या बाजूने त्याला आणखी तीन हव्यात. मॅरियटच्या बॉनव्हॉय या योजनेत श्रेणीसाठी रात्रीच मोजतात: सिल्व्हरला 10, गोल्डला 25. हयात या हॉटेलसाखळीच्या जुन्या योजनेत सर्वोच्च श्रेणी 25 मुक्कामांवर किंवा 50 रात्रींवर मिळत असे. 2017 साली वर्ल्ड ऑफ हयात ही नवी योजना आली, मुक्कामांची वाट बंद झाली आणि अट 60 रात्रींची झाली. एकेका रात्रीसाठी धावणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्यासारख्या प्रवाशावर हा बदल अन्यायकारक होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोल्यांची संख्या वाढवूनही रात्री वाढत नाहीत. मॅरियटमध्ये सदस्य स्वतः राहत असेल आणि पैसे भरत असेल, तर तीन खोल्यांपर्यंत पॉइंट, म्हणजे खर्चावर खात्यात जमा होणारे गुण, मिळतात, पण श्रेणीसाठी रात्र एकाच खोलीची धरली जाते. बुकिंग त्रयस्थ प्रवास-संकेतस्थळावरून केले असेल, तर सामान्यतः पॉइंटही मिळत नाहीत आणि श्रेणीसाठीची रात्रही धरली जात नाही.