मतदान लांबलं की बुडालं? ऊन, पाऊस आणि टक्क्याचा घोळ

निवडणुकीच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला टीव्ही लावा, खालच्या पट्टीवर ठरलेलं वाक्य फिरत असतंय, "उन्हाचा मतदानाला फटका". पाऊस असला की ऊन काढून पाऊस टाकायचा, बाकी वाक्य तेच. मग गावाकडच्या ग्रुपवर सुरू, की आता अमक्याचं अवघड आहे बरं का, त्याचा मतदार बाहेरच पडला नाही, तमक्याचा सकाळीच करून गेला वगैरे. आणि संध्याकाळी बूथवर ही रांग लागते, रात्री आकडा पार पासष्टच्या पुढं जातो, तेव्हा दुपारचा फटका कुठं गेला हे कुणीच विचारत नाही.

ह्यात दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे मतदान लांबणं, माणूस येणारच होता, अकराला यायचा तो साडेपाचला आला. दुसरं म्हणजे मतदान बुडणं, माणूस येणार होता पण आलाच नाही. पेरणी लांबली आणि पेरणी बुडाली यातला फरक आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही कळतो, पण मतदानाचं म्हटलं की मोठमोठे लोक दुपारी एकचा आकडा बघून निकाल लावून मोकळे होतात, कारण त्या घडीला लांबलेला आणि बुडालेला दोघंही बूथवर नसतात, दोघंही घरी पंख्याखाली पडलेले असतात, बाहेरून ओळखणार कसं.

माझं मत विचाराल तर मराठवाड्यात ऊन बहुतेक वेळा मतदान लांबवतं आणि पाऊस (सगळा नाही, काही प्रकारचाच) मतदान बुडवतो. पण खरी गंमत ह्या दोघांच्या मधल्या जागेत आहे, लांबलेलं मत बुडतं कसं तिथं.

आधी ऊन घेऊ. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडं तीन तारखा होत्या. २६ एप्रिलला हिंगोली, नांदेड, परभणी, ७ मेला लातूर आणि धाराशिव, १३ मेला जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर. म्हणजे ऐन उन्हाळा. आता उन्हानं मत बुडत असेल तर सगळ्यात जास्त १३ मेला बुडायला पाहिजे होतं ना? तर त्या दिवशी बीडला जवळपास ७१ टक्के झालं आणि जालन्याला ६९. बीडला २०१९ मध्ये १८ एप्रिलला मतदान होतं, मेपेक्षा बरंच बरं वातावरण, तेव्हा टक्का ६६ च्या आसपास होता. ऊन वाढलं आणि टक्का पण वाढला. उलट नांदेडला २०१९ ला ६५ च्या घरात होतं ते २०२४ ला ६१ वर आलं. ऊन तर तिथंही तेच, मग एकीकडं टक्का चढतो आणि एकीकडं उतरतो ह्याचं खापर सूर्यावर कसं फोडणार?

बीडचं कारण शोधायला फार लांब जायला नको, लढत घासून होती, आरक्षणाच्या मुद्द्यावर गावंच्या गावं तापलेली होती, मत टाकायचंच ह्या हिशोबानं लोक उठले होते. शिवाय एक गोष्ट वरवर बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बीड-धाराशिव-जालन्याकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत टोळ्या परत येतात. म्हणजे मे महिन्यात ऊन कितीही असू द्या, माणूस गावात असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा झकास असते पण निम्मी वस्ती फडावर. त्यामुळं नुसतं तापमान बघून टक्क्याचा अंदाज बांधणाऱ्यानं एकदा तालुक्याचं कॅलेंडर पण बघावं.

आता ऊन मतदान लांबवतं कसं ते बूथवर बसलं की दिसतं. जिल्हा परिषदेची शाळा, पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर मंडपाचं कापड बांधलंय, पाण्याचा जार ठेवलाय आणि त्यातलं पाणी बाराच्या आतच कोमट झालंय. सकाळी सातला रांग असते, रानात जाणारे, लवकर उरकून घेणारे, नऊवारीतल्या म्हाताऱ्या नातवाचा हात धरून. साडेदहा-अकरापर्यंत मशीनचा पीं आवाज थांबत नाही. नंतर एकदम सामसूम. एजंट लोक यादीवर डोकं टेकून डुलक्या काढतात, कुणीतरी मधेच एखादा मतदार आला की सगळे दचकून उठतात, नाव पुकारलं जातं, यादीवर टिक पडते, पुन्हा शांतता. बाहेर बसलेला कार्यकर्ता मात्र जागा असतो, त्याच्याकडं नावांची यादी आहे, कोणतं घर बाकी आहे हे त्याला पाठ आहे, आणि साडेचारला तो गाडी पाठवणार आहे (कायद्यानं मतदारांची अशी ने-आण करता येत नाही, पण गाडी कुणाची हे आपण विचारू नये). दुपारचा आकडा बघून टीव्हीवाला म्हणतो फटका, आणि हा बाबा निवांत तंबाखू मळत बसलेला असतो.

आता लांबलेलं मत बुडतं कसं त्याचा हिशोब. समजा बूथवर १२०० मतदार आहेत आणि ६५ टक्के यायचे आहेत, म्हणजे ७८० मतं. सात ते अकरा ३०० झाली, अकरा ते चार उन्हामुळं फक्त १००. राहिली ३८०, आणि मतदान संपायची वेळ सहा, म्हणजे हातात दोन तास. १२० मिनिटांत ३८० म्हणजे एका मताला १९ सेकंद! कसं होणार? ओळखपत्र बघायचं, नाव पुकारायचं, रजिस्टरमध्ये सही नाहीतर अंगठा, बोटाला शाई, बॅलट सोडायचं, मग आत जाऊन बटण, व्हीव्हीपॅटची चिठ्ठीच काचेतून ७ सेकंद दिसते. त्यात उमेदवार १५ च्या वर गेले की दुसरं बॅलट युनिट लागतं आणि आजोबा आपलं चिन्ह शोधत दोन्ही मशीनवरून बोट फिरवत बसतात. एका मताला ४० सेकंद धरले तरी चारला लागलेली ही ३८० ची रांग सव्वाआठला संपते.

नियम असा आहे की सहा वाजता जो रांगेत आहे त्याला मत टाकू द्यायचंच. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढं नंबरच्या चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणजे नंतर मागून कुणी घुसू नये. तिथंपर्यंत मत लांबलेलं आहे, बुडालेलं नाही. पण त्या रांगेत कोण टिकतं बघा. तरणा पोरगा टिकतो, मोबाईल बघत उभा राहतो. घरी जनावरांच्या धारा काढायच्या राहिल्यात ती बाई सात वाजेपर्यंत बघते आणि निघून जाते. गुडघे दुखणारा माणूस निघून जातो. तान्हं लेकरू असलेली निघून जाते. ती तिघं दुपारी "लांबलेली" होती, संध्याकाळी बुडाली, आणि बुडवलं उन्हानं नाही तर रांगेनं. म्हणून मी म्हणतो की उन्हाचा मतदानावर परिणाम होत नाही हे पण खोटंच आहे, होतो, पण तो फिरून, सहाच्या नंतर होतो.

थेट उन्हानं बुडणारं मतही आहेच, विशेषतः सत्तरी ओलांडलेल्यांचं, चक्कर येईल ह्या भीतीनं घरचेच जाऊ देत नाहीत. २०२४ ला आयोगानं ८५ च्या वरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्यापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय दिली, १२ड नमुना भरून. चांगलं झालं. पण पंच्याहत्तर-ऐंशीचा माणूस मधेच लटकला, त्याला घरूनही नाही आणि उन्हातही जमत नाही. त्या निवडणुकीत कर्मचाऱ्यांचे तर जास्त हाल झाले, उत्तर प्रदेशात शेवटच्या टप्प्याला ३३ मतदान कर्मचारी उष्माघातानं गेल्याचं तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितलं, आणि निकालाच्या आदल्या दिवशी तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी मान्य केलं की निवडणूक महिनाभर आधी उरकायला पाहिजे होती.

एक सावधगिरी. संध्याकाळी टक्का उडी मारतो म्हणून प्रत्येक उडी उन्हाची नसते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, ऊन नाही पाऊस नाही, राज्याचा पाच वाजताचा आकडा ५८.२२ टक्के आणि अंतिम आकडा ६६ च्या थोडा वर. त्यावरून केवढा वाद झाला ते सगळ्यांना माहितीये, त्यात मी पडत नाही, मला एवढंच म्हणायचंय की पाचचा आकडा हा तात्पुरता असतो आणि आपल्याकडं उशिरा मत टाकायची सवय हवेवर अवलंबून नाही. त्यामुळं उन्हाचा परिणाम मोजायचा असेल तर आजचा एकचा आकडा मागच्या निवडणुकीच्या एकच्या आकड्याशी लावायचा, आणि अंतिम अंतिमशी. एकचा पडला पण अंतिम तेवढाच राहिला तर लांबलं. दोन्ही पडले तर बुडालं, आणि तेव्हासुद्धा हवेनंच बुडालं असं लगेच म्हणायचं नाही.

पावसाचं गणित निराळं आहे. अमेरिकेत १९४८ पासूनच्या अध्यक्षीय निवडणुकांवर २००७ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात साधारण एक इंच पावसामागं टक्का जेमतेम एकानं कमी होतो असं निघालं. स्वीडनमधल्या अभ्यासात तर पावसाचा ठोस परिणाम सापडलाच नाही. पण तिथं बूथपर्यंत डांबर आहे हो. आमच्याकडं इंचभर म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस काळ्या रानात पडला की पांदण रस्त्यावर चप्पल हातात घेऊन चालावं लागतं, आणि मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल अडकून चाकच फिरत नाही. त्यामुळं परदेशातला तो एक टक्का इकडं जसाच्या तसा उचलून लावू नका.

आणि पाऊस म्हणजे एक पाऊस नाही. मे महिन्यातला अवकाळी, चारला आभाळ भरून आलं, वारा सुटला, मंडप उडाला, तासभर झोडपलं आणि थांबला. हा पाऊस उन्हासारखाच, मतदान लांबवतो, उलट हवा गार झाली की लोक बाहेर पडतात. पण येतोच मुळी त्या वेळेला ज्या वेळेला दुपारची सगळी लांबलेली मतं येणार असतात, तेवढा एक धोका. दुसरी असते झड, सकाळपासून बारीक बारीक लागून राहिलेली, तिला टाइमच नाही, माणूस "उघडला की जाऊ" म्हणत म्हणत संध्याकाळ करतो. ही मत बुडवते. आणि तिसरं म्हणजे ओढ्याला पाणी. इथं इच्छेचा विषयच नाही, वस्ती किंवा तांडा ओढ्याच्या अल्याड आणि बूथ पल्याड, पुलावरून पाणी चाललंय, झालं, सगळ्या वस्तीचं मत एका झटक्यात गेलं. राज्याच्या टक्क्यात ते दिसणारही नाही, त्या एका बूथच्या १७सी फॉर्ममध्ये (बूथवर किती मतं पडली त्याचा हिशोब) दिसेल फक्त.

२१ ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभेला परतीचा पाऊस लांबला होता, आधीच्या आठवड्यातल्या शरद पवारांच्या साताऱ्याच्या पावसातल्या सभेमुळं तो पाऊस सगळ्यांच्या लक्षात राहिलाय. राज्याचा टक्का ६१ च्या थोडा वर लागला, २०१४ ला ६३ च्या वर होता. दोन टक्के पावसानं नेले म्हणायचे का? काही नेले असतील. पण निवडणूक एकतर्फी वाटत होती, शहरांत दिवाळीच्या तोंडावर सुट्टी जोडून लोक फिरायला गेलेले, शेतात सोयाबीन भिजतंय त्याची चिंता, हे सगळं एकाच आकड्यात मिसळलेलं आहे. सोयाबीन झाकायला ताडपत्री घेऊन पळालेला माणूस पावसामुळं आला नाही की शेतीमुळं, हे कुठल्या रकान्यात टाकणार?

खूपच बिघडलं तर कायदा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५७ खाली नैसर्गिक आपत्तीमुळं मतदान थांबवून पुढं ढकलता येतं, तेव्हा आधी पडलेली मतं तशीच राहतात आणि थांबलं तिथून पुढं चालू होतं. ह्याला लोक सर्रास "फेरमतदान" म्हणतात, ते चूक. फेरमतदान कलम ५८ चं, मशीन हरवलं, फुटलं, बंद पडलं, प्रक्रियेत घोळ झाला तर, त्यात आधीची मतं रद्द होऊन सगळं नव्यानं. म्हणजे एकात लांबतं, दुसऱ्यात पुसून पुन्हा.

आणि ह्या सगळ्याची एवढी चिरफाड कशाला, तर आपल्याकडचे निकाल बघा. २०१९ ला औरंगाबादची जागा ४,४९२ मतांनी गेली. २०२४ ला बीडची ६,५५३ नी. नोव्हेंबर २०२४ ची नांदेडची पोटनिवडणूक १,४५७ नी. एवढ्या फरकात पाच-सात तांड्यांचा ओढा किंवा वीस बूथांवरची रांग निकाल फिरवू शकते, कुणाच्या बाजूनं ते मात्र आधी सांगता येत नाही, सांगणारा फेकतोय असं समजावं.

उपाय पण म्हणूनच वेगवेगळे. लांबणाऱ्या मताला वेळ आणि सावली पाहिजे. शेजारच्या तेलंगणात २०२४ ला उन्हामुळं बऱ्याच ठिकाणी मतदानाची वेळ पाचवरून सहा केली, ते बरोबर औषध. मंडप मोठा, बसायला बाकडी, म्हाताऱ्यांची वेगळी रांग, गर्दीच्या बूथवर आधीच विभागणी. बुडणाऱ्या मताला तास वाढवून काय उपयोग, ओढ्याचं पाणी सहाऐवजी सातला उतरणार आहे का? त्याला बूथ अलीकडं पाहिजे. मतदाराला दोन किलोमीटरच्या आत केंद्र मिळावं असा आयोगाचाच दंडक आहे, पण ते अंतर नकाशावर मोजलं जातं, पावसाळ्यात वळसा घालून जायचं अंतर कुणी मोजत नाही. निवडणुकीआधी काही महिने केंद्रांच्या यादीचं सुसूत्रीकरण होतं, मसुदा यादी तहसीलला लागते, हरकती मागवतात, आणि त्या दिवसांत तिकडं कुणी फिरकत नाही. वस्तीवरच्या लोकांनी तेव्हा बीएलओला (बूथची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) गाठून, ओढ्याचा पूल पाण्याखाली गेल्याचे फोटो लावून, सह्यांचं निवेदन द्यायचं असतं. आचारसंहिता लागल्यावर दिलेल्या निवेदनावर पोच मिळते, बूथ मिळत नाही.