९९९ की १४९८? तरुण चालकासाठी इंजिनाचा हिशेब

फोक्सवॅगन व्हर्टससारखी गाडी पाहायला गेलेल्या विशीतल्या मुलासमोर एकाच गाडीची दोन इंजिने ठेवली जातात: एक ९९९ सीसीचे व ११५ अश्वशक्तीचे, दुसरे १४९८ सीसीचे व १५० अश्वशक्तीचे. मुलाला मोठा आकडा हवा असतो आणि नेमका तोच ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पणजी, फोंडा किंवा मडगावच्या अनेक घरांत झडणाऱ्या या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र बिनतक्रार मान्य केलेली असते, ती म्हणजे सीसी वाढले की वेग वाढतो. जुन्या इंजिनांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरे होते. आजच्या इंजिनांच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, आणि गोव्यातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर तर त्याहूनही कमी.

पिस्टन खालपासून वरपर्यंत सरकताना जेवढी जागा मोकळी करतो किंवा व्यापतो, तिचे सर्व सिलिंडरांतले मिळून घनफळ म्हणजे इंजिनाचे सीसी, अर्थात घन सेंटीमीटर; १००० सीसी म्हणजे एक लिटर. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा ही जागा ताज्या हवेने भरते. एक लिटरचे साधे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला ५० लिटर हवा ओढू शकते. एक लिटर हवेचे वजन साधारण १.२ ग्रॅम असते. नळ्या आणि झडपांतून येताना होणारी तूट वजा केली, तर सेकंदाला सुमारे ५४ ग्रॅम हवा आत पोहोचते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळण्यासाठी १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणजे एवढ्या हवेत सुमारे ३.७ ग्रॅम पेट्रोलच जाळता येते. पेट्रोलच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे ४४ किलोज्यूल ऊर्जा मिळते, त्यामुळे एकूण उष्णता १६० किलोवॉटच्या आसपास जाते; तिचा जेमतेम तीस टक्के भाग इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोहोचतो आणि उरलेला सायलेन्सर व रेडिएटरमधून बाहेर पडतो. हाती उरतात सुमारे ४८ किलोवॉट, म्हणजे ६५ अश्वशक्ती. मारुतीचे टर्बो नसलेले ९९८ सीसीचे इंजिन ६७ अश्वशक्ती देते, म्हणजे कागदावरचा हा हिशेब फारसा चुकलेला नाही.

या हिशेबात पेट्रोल कुठेच अडत नाही, कारण ते हवे तितके फवारता येते. अडते ती हवा. म्हणूनच जास्त शक्तीसाठी पूर्वी सिलिंडर मोठे करावे लागत किंवा त्यांची संख्या वाढवावी लागत असे. दुसरा मार्ग स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच पेटंटच्या रूपाने मांडला होता: वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून आत भरायची. हाच टर्बोचार्जर. मोटारीतल्या टर्बोचे हे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि त्यामुळे ९९९ सीसीच्या इंजिनात प्रत्यक्षात दीड लिटरच्या साध्या इंजिनाइतकी हवा मावते. ११५ अश्वशक्तीचा आकडा येतो तो येथून.

गोव्यात टर्बोचा आणखी एक उपयोग होतो, ज्याचा उल्लेख विक्रेते सहसा करत नाहीत. तापमान १५ अंशांवरून ३३ अंशांवर गेले की हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. शिवाय दमट दिवशी हवेतली तीन-चार टक्के जागा बाष्प व्यापते, आणि तेवढ्या जागेतला प्राणवायू इंजिनाला मिळत नाही. साखळीहून चोर्ला घाट चढून सुमारे ८०० मीटर उंचीवर गेल्यावर आणखी सात-आठ टक्के घट होते. साधे इंजिन ही सगळी तूट मुकाट्याने सोसते, तर टर्बो थोडा अधिक वेगाने फिरून तिचा मोठा भाग भरून काढतो.

आकडे ९९९, ११९७, १४९८ असे काठावरच का थांबतात, याचे उत्तर मात्र भौतिकशास्त्रात कमी आणि राजपत्रात जास्त सापडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि ४ मीटरपेक्षा लांब नसलेल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापलीकडे ४० टक्के. ह्युंदाई आय२० एन लाइनचे ९९८ सीसीचे, १२० अश्वशक्तीचे इंजिन या सवलतीत बसते. व्हर्टस मात्र लांबीमुळे छोट्या इंजिनासहही बाहेर राहते. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सीसीवरच ठरतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. शक्ती दुप्पट झाली तरी सीसी तेच असतील, तर हा हप्ता बदलत नाही, ही या पद्धतीतली गंमतच म्हणायची.

आता रस्त्यावर येऊ. मध्यम आकाराची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर या स्थिर वेगाने चालवताना हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण मिळून फक्त दहाएक अश्वशक्ती खर्च होते, आणि ताशी १०० ला सतरा. झुआरीच्या नव्या पुलावरून ओळीत जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांचा बहुतेक भाग त्या वेळी नुसता बसून असतो. जास्तीची शक्ती लागते ती वेग वाढवताना, म्हणून खरी तुलना ओव्हरटेकची करायला हवी. चालक आणि सोबती धरून गाडीचे वजन १३०० किलो समजू. तिचा वेग ताशी ४० वरून ७० वर नेण्यासाठी सुमारे १६५ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. गिअर बदलण्यातला वेळ आणि इतर तूट वजा जाता लहान इंजिनाने सरासरी ५० किलोवॉट आणि मोठ्याने ६५ किलोवॉट चाकांपर्यंत पोहोचवले असे धरले, तर पहिल्याला ३.३ सेकंद लागतात, दुसऱ्याला २.५. फरक पाऊण सेकंदाच्या आसपास. ताशी ६० वरून १०० वर जायचे असेल तर तो दीड सेकंदापर्यंत वाढतो. पण काणकोण ते पेडणे या पट्ट्यात अशी संधी किती ठिकाणी मिळते, हे ज्याचे त्याने आठवावे.

हा पाऊण सेकंद चुकीचा गिअर सहज गिळून टाकतो. लहान इंजिनाचा १७८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे दांडा फिरवणारा जोर, मिनिटाला १७५० फेऱ्यांपासून पुढे मिळतो, मोठ्याचा २५० न्यूटन-मीटर १६०० पासून. फेरे त्याखाली असताना चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्येच एक्सिलरेटर दाबला, तर बाहेर पडणारे वायू कमी असल्याने टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, गाडी क्षणभर सुस्त राहते आणि मग एकदम झेपावते. ज्याला लोक पिकअप म्हणतात तो सीसीपेक्षा या टॉर्कच्या जागेवर आणि चालकाने वेळेत खालच्या गिअरवर येण्यावर अवलंबून असतो. माझ्या मते नवशिक्यासाठी हीच टर्बोची खरी अडचण आहे. साध्या इंजिनात पाय जितका दाबावा तितका जोर वाढतो, टर्बोमध्ये तो थोडा उशिरा आणि अपेक्षेपेक्षा जास्त येतो, आणि हा अंदाज यायला काही महिने जावे लागतात. ते महिने पावसाळ्याचे असू नयेत, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

कारण पावसात सगळा हिशेब टायरच्या हाती जातो. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पहिल्या सरींबरोबर रस्त्यावरचे तेल आणि जांभ्याची लाल माती यांचा निसरडा थर तयार होतो. कोरड्या डांबरावर ०.७ च्या आसपास असलेला घर्षणांक ओल्या रस्त्यावर ०.४ पर्यंत उतरतो. पुढच्या चाकांवर सुमारे ६० टक्के वजन असलेली १३०० किलोची गाडी अशा वेळी रस्त्यावर जास्तीत जास्त तीन हजार न्यूटन बल लावू शकते, आणि गिअरमुळे कित्येक पटींनी वाढलेला लहान इंजिनाचा टॉर्कही दुसऱ्या गिअरपर्यंत ही मर्यादा ओलांडतो. मोठ्या इंजिनाची जादा ताकद तेथे केवळ चाके घसरवण्याच्या कामी येते, किंवा गाडीची घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा ती ताबडतोब कापून टाकते. ब्रेक दाबल्यावर ताशी ८० चा वेग शून्यावर यायला कोरड्या रस्त्यावर ३६ मीटर लागतात, ओल्यावर ६३, आणि त्याआधी चालकाला भान येण्याच्या एका सेकंदात २२ मीटर मागे पडलेले असतात. या तीन आकड्यांत इंजिनाच्या आकाराला कुठेही जागा नाही.

पाणी साचलेल्या जागी टायर तरंगू लागण्याचा वेग तर प्रामुख्याने टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या जवळ येतो आणि दाब २५ वर घसरला तर ८३ च्या. टायर झिजलेला असेल तर तो आणखी खाली येतो. महिनोन्महिने हवा न तपासता १५० अश्वशक्ती बाळगण्यापेक्षा, दर पंधरवड्याला हवा तपासलेले ११५ अश्वशक्तीचे इंजिन केव्हाही बरे.

तरुण चालकांना मोठी शक्ती द्यावी का, या प्रश्नाचे एक विचार करण्याजोगे उत्तर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांनी दिले आहे. तेथे पूर्वी नवीन परवानाधारकांना आठ सिलिंडरांच्या आणि बहुतेक टर्बो गाड्या वर्ज्य होत्या. पुढे तो नियम बदलून गाडीच्या वजनाशी शक्तीचे प्रमाण पाहिले जाऊ लागले: टनामागे १३० किलोवॉटपेक्षा अधिक शक्ती असलेली गाडी त्यांना चालवता येत नाही. म्हणजे सिलिंडर मोजण्याचा मार्ग त्यांनी सोडून दिला. या मापाने व्हर्टसचे १४९८ सीसीचे इंजिनही टनामागे ९० किलोवॉटच्या आत राहते आणि ९९९ सीसीचे ७० च्या आसपास. घरच्यांची भीती एवढ्यापुरती तरी कमी व्हायला हरकत नाही. भारतात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या परवानाधारकावर मोटारीच्या शक्तीचे असे कोणतेही बंधन नाही, त्यामुळे ते माप घरातच लावावे लागते. आपल्याच वयाचे मित्र सोबत असताना आणि रात्रीच्या वेळी तरुण चालकांचा धोका वाढतो हे अनेक देशांत दिसून आले आहे. तो धोका दोन्ही इंजिनांना सारखाच लागू पडतो.

मोठे इंजिन समर्थनीय ठरते ते भार आणि चढ एकत्र आल्यावर. चतुर्थीला पाच माणसे, माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीचे) सामान आणि एसी घेऊन घाट चढायचा असेल, किंवा महिन्यातून दोनदा पुण्याला जायचे असेल, तर २५० न्यूटन-मीटर टॉर्क खालच्या गिअरची गरज कमी करतो आणि प्रवास निवांत होतो. हलक्या भारावर मात्र थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारा पडदा, जवळजवळ मिटलेला असतो, आणि तेव्हा मोठ्या इंजिनाला नाक दाबून श्वास घ्यायला लावल्यासारखी हवा ओढावी लागते. त्यात पेट्रोल वाया जाते. म्हणूनच १४९८ सीसीच्या या इंजिनात भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवण्याची सोय केली आहे. रोज म्हापसा ते पणजी जाणाऱ्याला तिचा थोडा लाभ होईल, पण मूळ किमतीतला फरक भरून निघेल इतका नाही.

माझा कौल बहुतेक गोमंतकीय तरुणांसाठी लहान टर्बोच्या बाजूने आहे, पण तो शोरूमबाहेरच्या सपाट रस्त्यावर पारखून पाहू नये. चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून, बाळ्ळीकडून करमल घाटाच्या चढावर गाडी न्यावी. तिसऱ्या गिअरमध्ये फेरे दोन हजारांवर ठेवून एक्सिलरेटर हळूहळू दाबावा, मग मुद्दाम दीड हजारांवर येऊ देऊन पुन्हा तसेच करावे आणि जोर यायला किती वेळ लागतो ते पाहावे. तो वेळ सोसवत असेल, तर किमतीतला उरलेला पैसा ज्या श्रेणीत सहा एअरबॅग आणि स्टॅबिलिटी कंट्रोल आहेत त्या श्रेणीकडे वळवावा, आणि तीन-चार वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या चांगल्या टायरच्या संचासाठी काही रक्कम आताच बाजूला ठेवावी.