मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरच्या प्रकाशातील सांख्यिकीय चढउतार

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरमधून, म्हणजे अणूंना न बांधलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश काढणाऱ्या यंत्रातून, लागोपाठ निघणाऱ्या दोन स्पंदांची (प्रकाशाच्या क्षणिक झोतांची) ऊर्जा सहसा सारखी नसते. यंत्र कितीही स्थिर ठेवले तरी हा फरक उरतो. तो बिघाड नव्हे; आरशांशिवाय आणि सुरुवात करून देणाऱ्या बाहेरच्या बीजप्रकाशाशिवाय चालणाऱ्या लेसरमध्ये प्रकाश जन्मतोच तसा.

प्रकाशाच्या वेगाजवळ पोचलेला इलेक्ट्रॉनांचा झुबका अनड्युलेटरमध्ये, म्हणजे आलटूनपालटून ध्रुव मांडलेल्या चुंबकांच्या रांगेत, शिरतो. सुरुवातीला प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे प्रकाश सोडतो. खानापूरकडे पहिल्या सरीचे थेंब पत्र्यावर ताल धरून पडत नाहीत, तसे हे इलेक्ट्रॉनही समान अंतराने येत नाहीत. या अनियमितपणाला शॉट नॉइज म्हणतात. पुढे प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या देवघेवीने झुबक्यात एकेका तरंगलांबीच्या अंतरावर थर बसतात आणि तोच नॉइज घातांकी वेगाने वाढतो.

२५० पिकोकुलोम विद्युतभाराच्या झुबक्यात सुमारे १५६ कोटी इलेक्ट्रॉन असतात. निव्वळ संख्येतला यादृच्छिक फरक वर्गमुळाच्या हिशेबाने फार तर ०.००२५ टक्के. मग प्रकाश इतका का हेलकावतो? कारण इथे बेरीज इलेक्ट्रॉनांची नसून लाटांची आहे. कला (फेज, म्हणजे लाटेच्या चढउताराची स्थिती) यादृच्छिक असलेल्या अब्जावधी लाटांची बेरीज कधी मोठी भरते, कधी जवळजवळ शून्य.

संपृक्ततेपूर्वीच्या, म्हणजे प्रकाशाची वाढ थांबण्यापूर्वीच्या, टप्प्यात स्पंदांची ऊर्जा गामा वितरण (एका राशीनुसार आकार बदलणारा संभाव्यतेचा नमुना) पाळते. त्यात एकच राशी महत्त्वाची: स्पंदात मावणाऱ्या स्वतंत्र मोडांची, म्हणजे एकमेकांशी कलेचा संबंध नसलेल्या तुकड्यांची, संख्या, म. सरासरीच्या तुलनेत प्रमाण विचलन म्हणजे १ भागिले म चे वर्गमूळ. म ४ असेल तर विचलन ५० टक्के, २५ असेल तर २० टक्के. म १ असेल तर वितरण ऋण-घातीय होते: ३९ टक्के स्पंद सरासरीच्या निम्म्याहून कमी, तर साडेतेरा टक्के दुपटीहून जास्त. म्हणूनच अरुंद मोनोक्रोमेटर (ठरावीक तरंगलांबीच पुढे जाऊ देणारे साधन) लावून मोड कमी केले की प्रयोगकर्त्याला वाट्याला आलेला प्रकाश आणखी बेभरवशाचा वाटतो.

या चढउतारांतून स्पंदाची लांबीही काढता येते. आडव्या दिशेने प्रकाश सुसंगत असेल तर ती साधारण म गुणिले सुसंगती-काळ (लाटेची कला टिकून राहते तेवढा वेळ) इतकी येते. त्यासाठी शेवटच्या काही अनड्युलेटरांच्या चुंबकांमधल्या फटी उघडून लेसर संपृक्ततेच्या अलीकडे आणतात, वायू-शोधकाने (वायूतून जाणाऱ्या स्पंदाची ऊर्जा मोजणाऱ्या साधनाने) काही हजार स्पंद मोजतात आणि विद्युतभार ठरलेल्या मूल्याजवळ असलेलेच निवडतात. चुका ठरावीक आहेत. झुबक्याचा भार, ऊर्जा वा मार्ग हलला तर विचलन फुगते आणि म कमी येतो. शोधकाचा शून्यदोष (प्रकाश नसतानाही दिसणारे मोजमाप) वजा केला नाही किंवा मोजणी संपृक्ततेत झाली, तर उलट म जास्त येतो. युरोपियन एक्सएफईएलसारख्या यंत्रात सेकंदाला स्पंदांच्या १० गाड्या (रांगा) आणि प्रत्येकीत २७०० पर्यंत स्पंद असतात. मंद शोधक त्यांची सरासरी घेऊन चढउतार झाकून टाकतो.

इटलीतील त्रिएस्त येथील फर्मी यंत्रात बाहेरून बीजप्रकाश देतात. त्यामुळे सुरुवात नॉइजवर अवलंबून राहत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील अवरक्त लेसर आरशांमध्ये प्रकाश फिरवणारा आहे. त्याला वरचे नियम जसेच्या तसे लावू नयेत.

स्पंदांच्या ऊर्जेचे वर सांगितलेले वितरण बेळगाव, निपाणी वा खानापूरच्या महाविद्यालयातही पाहता येते. लाल लेसरचा सुमारे १ मिलीमीटरचा ठिपका घासलेल्या काचेवर पाडावा आणि १ मीटरवर भिंग काढलेला वेबकॅम ठेवावा. कॅमेऱ्यावर पडणारे उजेड-अंधाराचे डाग साधारण ०.६५ मिलीमीटरचे येतात. आपोआप प्रकाशमान ठरवण्याची सोय बंद ठेवावी, पुढे ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी) लावावा. काच थोडी थोडी सरकवत एकाच पिक्सेलची नोंद घेतली की ऋण-घातीय वितरण मिळते. अनेक डाग मावतील एवढ्या चौकोनाची बेरीज घेतली की गामा. ध्रुवक विसरला आणि काचेने ध्रुवण बिघडवले, तर दोन ध्रुवणांचे नमुने मिसळतात आणि एकाच पिक्सेललाही म २ च्या जवळ येतो. लेसरच्या किरणात डोळा कधीही आणू नये.