६० पुरे की १२०? गेमच्या फ्रेम रेटमागचा इतिहास

बेळगावात खडेबाजारात किंवा टिळकवाडीत मोबाईलच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं, की "ह्यात बीजीएमआय नव्वदवर चालतंय काय?" हा प्रश्न कानावर पडतोच. बीजीएमआय हा मोबाईलवरचा निशाणेबाजीचा गेम, आणि नव्वद म्हणजे सेकंदाला नव्वद चित्रं. विचारणारा कॉलेजचा मुलगा असतो. पैसे देणारे वडील शेजारी उभे असतात, आणि साठवाला फोन बऱ्यापैकी स्वस्त मिळत असताना नव्वदचा हट्ट कशासाठी, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. गेम खेळताना मजा यायची तर पडद्यावरचं चित्र, म्हणजे फ्रेम, सेकंदाला किती वेळा बदललं पाहिजे, याचा आकडा (फ्रेम रेट) गेल्या सव्वाशे वर्षांत १६ पासून २४० पर्यंत फिरलाय. दर वेळी तो ठरवताना डोळ्यापेक्षा यंत्राचंच जास्त चाललंय.

सुरुवात सिनेमापासून करावी लागते, कारण "माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ चित्रंच दिसतात, त्यावरचं सगळं फुकट" हा समज तिथून आलाय आणि आजही ठासून सांगितला जातो. मूकपटांच्या काळात कॅमेरा हँडल फिरवून चालायचा. ल्युमिए बंधूंचा वेग सेकंदाला साधारण १६ चित्रांचा होता. एडिसनचं मत होतं की ४६ पेक्षा कमी चित्रांनी डोळ्यांना ताण पडतो, पण तेवढी फिल्म खर्च करायची कुणाची तयारी नव्हती. निपाणीहून जवळच असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा तयार केला, तो याच हँडलच्या जमान्यातला. चित्रांचा वेग तेव्हा कॅमेरा फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असायचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि हे स्वातंत्र्य संपलं. चित्राला आवाज बांधला गेल्यावर वेग जरा इकडंतिकडं झाला, की माणसाचा आवाज चिरका नाहीतर घोगरा व्हायचा. म्हणून एकच वेग ठरवणं भाग पडलं. आवाज बरा यावा आणि फिल्मही फार लागू नये, अशा तडजोडीतून २४ हा आकडा आला. डोळ्याची ताकद मोजून तो कुणी काढला नव्हता.

उलट, २४ चित्रांनी पडदा लुकलुकतो हे सगळ्यांना दिसत होतं. त्यावर उपाय म्हणून प्रोजेक्टरच्या शटरला दोन किंवा तीन पाती बसवून एकच चित्र दोनदा-तीनदा दाखवलं जायचं. चित्रं २४, पण उजेडाचे झोत ४८ किंवा ७२. इथं दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. हालचालीचा भास व्हायला सेकंदाला दहा-बारा चित्रंही पुरतात. लुकलुक दिसेनाशी व्हायला मात्र साधारण ५० ते ९० झोत लागतात. पडद्याचा उजेड जास्त असेल किंवा आपण डोळ्याच्या कडेनं बघत असू, तर हा आकडा वर सरकतो. डोळ्याची मर्यादा म्हणून कुणी एकच आकडा सांगितला, तर कुठली मर्यादा, हे आधी विचारावं.

मग सिनेमाला २४ पुरतात, तर गेमला का पुरत नाहीत? सिनेमाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रावर साधारण एका सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उजेड पडतो. तेवढ्या वेळात धावणारा माणूस थोडा पुसट होतो आणि त्या पुसटपणामुळं एक चित्र दुसऱ्यात मिसळतं. गेममधलं चित्र सहसा गोठवल्यासारखं लख्ख असतं, त्यामुळं दोन चित्रांमधली उडी डोळ्याला खुपते. त्याहून मोठं कारण हाताचं आहे. सिनेमा आपण नुसता बघतो. गेममध्ये बटण दाबलं की पडद्यावरून उत्तर यावं लागतं, आणि ते पुढच्या फ्रेमशिवाय येऊ शकत नाही. ३० फ्रेमवर एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० वर १६.७ आणि १२० वर ८.३. म्हणून ३० वरून ६० वर गेलेल्याला फरक सांगावा लागत नाही, तो अंगठ्यालाच जाणवतो. ६० ते १२० मध्ये वाचणारा वेळ त्याच्या निम्मा आहे. १४४ वरून २४० वर गेलं तर जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद वाचतात. पैसे मात्र उलट्या प्रमाणात वाढत जातात, हे दुकानातल्या त्या वडिलांनी ओळखलेलंच असतं.

गेमच्या जगात ६० हा आकडा रुजला तो विजेमुळं. अमेरिकेत आणि जपानच्या पश्चिम भागात वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० लहरींची, आपल्याकडं ५० ची. सुरुवातीच्या टीव्हीवर विजेच्या लहरींमुळं आडवे पट्टे सरकायचे. ते टाळायला टीव्हीचा वेग विजेशी जुळवला गेला. त्यामुळं अमेरिका-जपानात सेकंदाला ६० अर्धी चित्रं (एका वेळी एकाआड एक ओळींची) आणि टीव्हीची 'पाल' ही पद्धत घेतलेल्या आपल्या देशात ५०. जपानी कंपन्यांनी गेमची यंत्रं बनवली ती साहजिकच ६० धरून. १९८३ साली निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेम आला. त्यावरचे गेम वेळ मोजायला वेगळं घड्याळ ठेवायचे नाहीत. पडद्यावर एक चित्र उमटलं की एक पाऊल, असा हिशोब असायचा.

१९९० च्या दशकात बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारात जे टीव्ही गेम आले, ते बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला. पिवळी-निळी कॅसेट, वर ९९९९ गेम असल्याचा दावा, आत खरे गेम मोजकेच आणि तेच पुन्हा पुन्हा. आपल्या टीव्हीशी जमावं म्हणून त्यातली बरीच यंत्रं ५० वर चालायची. कॅसेटमधला गेम मात्र ६० साठी लिहिलेला. जिथं सहा पावलं पडायची तिथं पाच पडायची. शहापूरच्या गल्लीतल्या घरात मारिओ जपानी मुलाच्या मारिओपेक्षा सुमारे १७ टक्के सावकाश धावायचा, खड्ड्यावरून उडी मारताना जरा जास्त वेळ हवेत राहायचा, आणि मागचं संगीतही त्याच हिशोबानं संथ वाजायचं. कुणाला ते खटकलं नाही. सुट्टीत दुपारभर पोरं त्यावर तुटून पडायची. या सगळ्या इतिहासात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गेम मूळ वेगानं चालत नव्हता, तरी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकाच तालात चालत होता, आणि हाताला तो ताल पाठ झाला होता.

काही वेळा यंत्राच्या दमण्यातूनच खेळ घडला. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये यंत्र एका वेळी एकाच शत्रूला सरकवायचं. त्यामुळं शत्रू मरत गेले की उरलेल्यांची पाळी लवकर यायची आणि ते अंगावर वेगानं धावून यायचे. पुढं संगणकावर १९९३ साली डूम आला. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ३५ फ्रेमची, कारण त्या वेळच्या पडद्याच्या ७० हर्ट्झचा तो निम्मा. १९९८ चा ओकारिना ऑफ टाइम तर २० फ्रेमवर चालायचा आणि तरी तो आजही नावाजला जातो. त्यात निशाणेबाजीची चुरस नव्हती. कोडी सोडवत, डोंगर-दऱ्या हिंडत खेळायचा गेम तो, त्याला २० पुरले.

खरी चुरस आली ती कॅफेत. २००० नंतरच्या दशकात बेळगावच्या कॉलेजांच्या आसपास तासावर पैसे घेऊन काउंटर स्ट्राइक १.६ हा निशाणेबाजीचा गेम खेळू देणारे कॅफे होते. तिथं मुलं गेममधली आज्ञा लिहायची खिडकी उघडून 'एफपीएस मॅक्स १०१' (सेकंदाला कमाल १०१ फ्रेम) टाइप करायची, फ्रेमचा आकडा दाखवणारा नेट ग्राफ लावायची आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर ठेवायची. मॉनिटर जुने, जाड काचेचे. विंडोजनं ते ६० हर्ट्झवर ठेवलेले असले की पांढरा पडदा थरथरल्यासारखा दिसायचा आणि तासाभरात कपाळ दुखायचं. सेटिंगमध्ये जाऊन ८५ केलं की बरं वाटायचं. मग 'डस्ट टू' या गेममधल्या मैदानावर कुणीतरी धुराचा बॉम्ब (स्मोक) टाकायचा. धुराचे अर्धपारदर्शक थर एकावर एक काढताना बिचारं ग्राफिक्स कार्ड (संगणकातला चित्रं काढणारा भाग) दमायचं आणि कोपऱ्यातला ९९ चा आकडा झपकन तिशीच्या खाली यायचा. माऊस हलवला तरी नेम जागेवर, आणि हलला की एकदम हवा त्याच्या पलीकडं. "अटकायलंय रे, अटकायलंय!" अशी ओरड दोन-तीन खुर्च्यांवरून एकदम व्हायची. समोरचा गडी नेमका त्याच क्षणी धुरातून बाहेर पडायचा. पूर्ण वेळ ३० वरच खेळणाऱ्यानं हात तिशीला बसवून घेतलेला असतो. ९९ ची सवय झालेल्या हाताला ऐनवेळी तीस दिले की तो चुकतो.

याच सुमारास यावर शिस्तीत अभ्यासही सुरू झाला. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकमध्ये मार्क क्लेपूल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली निशाणेबाजीचे गेम खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. फ्रेम कमी केल्या की खेळ स्पष्टपणे बिघडला. चित्राची बारकाई कमी केली, तर तितका नाही. आज बीजीएमआय खेळणारा ग्राफिक्स 'स्मूथ'वर आणि फ्रेम रेट 'एक्स्ट्रीम'वर (म्हणजे ६० वर) ठेवतो, म्हणजे झाडाची पानं सोडून देतो आणि फ्रेम धरून ठेवतो. ही निवड योग्य आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये स्कॉट वॉसन यांनी 'टेक रिपोर्ट' या वेबसाइटवर फ्रेम मोजण्याची पद्धतच बदलून दाखवली. तोवर सगळे सरासरी सांगायचे. पण एका सेकंदात ५९ फ्रेम झरझर आल्या आणि एक पाव सेकंद अडकली, तरी सरासरी ६० च भरते. खेळणाऱ्याला मात्र तो पाव सेकंद टोचतो. वॉसन यांनी प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते मोजलं, आणि ९९ टक्के फ्रेम किती वेळात उरकतात हे विचारलं. कॅफेतल्या धुरात नेमकं काय बिघडत होतं, ते आता आकड्यात मांडता येऊ लागलं.

पातळ एलसीडी पडदे आले तरी आणखी एक अडचण होतीच. पडदा ठरावीक ठेक्यात ६० वेळा बदलणार. कार्डाला एका फ्रेमला किंचित उशीर झाला तर व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या ठेक्यावरच दाखवायची सोय) चालू असताना पुढच्या ठेक्यापर्यंत थांबावं लागायचं आणि ६० चे थेट ३० व्हायचे. व्ही-सिंक बंद केलं तर चित्र मधेच आडवं फाटायचं. २०१३ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं जी-सिंक आणलं, मागोमाग एएमडीचं फ्रीसिंक आलं, आणि पडदाच कार्डासाठी थांबू लागला. माझ्या मते, १४४ हर्ट्झच्या जाहिरातींपेक्षा या सुधारणेनं खेळणाऱ्यांचं जास्त भलं केलं.

सीमाभागातल्या बहुतेकांचा गेम मात्र हातातल्या फोनवरच सुरू झाला. २०१६ मध्ये जिओनं डेटा स्वस्त केला, २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्यावर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. चिकोडीचा एक, कोल्हापूरचा एक, पणजीत नोकरीला गेलेला एक आणि खानापूरचा एक असं स्क्वॉड जमतं, आणि हेडफोनमधून मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात ऐकू येते. या गेमच्या सेटिंगमध्ये नावं दिलीत, आकडे नाहीत. 'लो' म्हणजे २०, 'मीडियम' २५, 'हाय' ३०, 'अल्ट्रा' ४० आणि 'एक्स्ट्रीम' ६०. नंतर ९० आलं आणि २०२४ पासून काही फोनवर १२० सुद्धा.

"लॅग मारायलंय" ही तक्रार फ्रेमची आहे की नेटवर्कची, हे आधी बघावं. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज जाते-येते आणि दोष फोनला दिला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. आपला कॅमेरा गरागरा फिरवून बघावा. आपलं फिरणं मऊ आहे, पण समोरचे खेळाडू इथून तिथं टुणकन उडतायत, तर गडबड नेटवर्कची. फिरतानाच चित्र अडखळत असेल, तर फ्रेम पडतायत. नेटवर्कच्या दुखण्यावर नव्वदचा फोन घेऊन काही उपयोग नाही.

फोनचा दुसरा शत्रू उष्णता. पहिल्या सामन्यात नव्वद देणारा फोन तिसऱ्या सामन्यात तापतो, आतली चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि सामन्याच्या शेवटच्या, निर्णायक वर्तुळात फ्रेम पन्नास-सत्तर अशा हिंदकळू लागतात. चार्जिंगला लावून खेळलं तर आणखी लवकर. अशा फोनवर ६० ची मर्यादा घालून खेळणारा जास्त स्थिर खेळतो.

टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं, म्हणजे कन्सोल, बनवणाऱ्यांना फ्रेमचं हे महत्त्व उशिरा का होईना पटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा बऱ्याच गेममध्ये दोन पर्याय असायचे: देखणं चित्र ३० वर, साधं चित्र ६० वर. मग ४० चा मधला मार्ग निघाला. ४० वर एक फ्रेम २५ मिलिसेकंदांची, म्हणजे ३३.३ आणि १६.७ च्या बरोबर मध्ये. आकड्यानं ४० हे ३० च्या जवळ दिसतं, पण वेळेच्या मापात निम्मं अंतर कापलेलं असतं. त्यासाठी पडदा १२० हर्ट्झचा लागतो, कारण १२० ला ४० नं भाग जातो आणि ६० ला जात नाही. स्वस्त यंत्रावर एकट्यानं खेळायच्या गोष्टीवजा गेमसाठी स्थिर ४० मला पुरेसे वाटतात. निशाणेबाजीला न ढळणारे ६० हवेत. १२० त्यांनी घ्यावेत जे स्पर्धेत उतरतात आणि ज्यांचा फोन किंवा संगणक तो आकडा शेवटपर्यंत टिकवू शकतो.

आता खोक्यावरच्या आकड्यात नवीनच भर पडलीय. २०२२ मध्ये एनव्हिडियानं दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घालायला सुरुवात केली, आणि फोनमध्येही अशा सोयी येऊ लागल्यात. कोपऱ्यातला आकडा दुप्पट होतो, हालचाल मऊ दिसते. पण मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणून ती थोडी रोखून धरली जाते, आणि बटणाचं उत्तर येतं ते खऱ्या फ्रेमवरच. मुळात ६० असतील तर त्यावर चढवलेले १२० छान दिसतात. मुळात ३० असतील, तर पडद्यावर ६० लिहून आले तरी अंगठ्याला तीसच लागतात. दुकानात विचारायचंच असेल, तर या सोयी बंद करून, फोन अर्धा तास तापल्यावर किती फ्रेम मिळतात, ते विचारावं.