विसणाचं गणित आधीचं, नियम नंतरचा

आंघोळीच्या कढत पाण्यात घालतात ते गार पाणी म्हणजे विसण. ठाण्याच्या नौपाड्यात दहावीच्या मुलांना उष्णतेची गणितं शिकवताना मी सुरुवात विसणापासूनच करतो. निम्म्या वर्गाला हल्ली हा शब्द ठाऊक नसतो, पण गीझर सगळ्यांकडे असतो. ६५ अंशांचं चार लीटर पाणी, त्यात नळाचं २५ अंशांचं सहा लीटर. बादली येते ४१ अंशांवर. उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता आणि थंड वस्तूने ग्रहण केलेली उष्णता सारखी. हे ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमावरून निघतं, असं मुलं पाठ करून येतात. तर्क म्हणून ते बरोबरच आहे. इतिहास मात्र उलटा घडला. समीकरण आधी आलं, नियम त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

आपलं विसणाचं सूत्र १७५०च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या गेऑर्ग रिखमानने मांडलं. (१७५३मध्ये आकाशातल्या विजेवर प्रयोग करताना वीज अंगावर येऊन तो गेला.) पाण्यात पाणी मिसळा, सूत्र चालतं. पाण्यात पारा मिसळला की बिघडतं. फॅरनहाइटने हा प्रयोग डच वैद्य बूरहाव्ह यांच्यासाठी आधीच केला होता: समान आकारमानाचं पाणी आणि पारा घेतला तर तापमान मधोमध येत नाही, पाण्याच्या बाजूला झुकतं. मधोमध आणायला दोन मापं पाण्याला तीन मापं पारा लागला. आजच्या आकड्यांनी हिशेब केला तर सव्वादोन पट पारा लागायला हवा, म्हणजे मोजमाप काही फार नेटकं नव्हतं. बूरहाव्ह यांनी त्यातून उष्णता आकारमानानुसार वाटली जाते असा निष्कर्ष काढला, आणि तो बराच काळ टिकलाही.

१७६०च्या आसपास ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने तेच आकडे पुन्हा वाचले. पारा पाण्यापेक्षा कितीतरी जड, तरी त्याला तापायला कमी उष्णता पुरते. म्हणजे ना आकारमान, ना वजन. प्रत्येक पदार्थाची उष्णता धरून ठेवण्याची ताकद निराळी. विशिष्ट उष्माधारकता ती हीच. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच पक्कं झालं. माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत मोठी उडी ही, बाकीची आकडेमोड. दोन किलोचं तांब्याचं घंगाळ उष्णतेच्या हिशेबात जेमतेम १८४ ग्रॅम पाण्याएवढं भरतं. आपली बादली बदलून २५ अंशांवरचं घंगाळ घेतलं, तर ४१ अंशांचे ४०.७ होतात, इतकंच.

ब्लॅकनंतर उष्णता म्हणजे एक न दिसणारा, न नासणारा द्रव, ही समजूत घट्ट झाली. त्याला नाव पडलं कॅलरिक. द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात गेला तरी एकूण तेवढाच राहणार, म्हणून गमावलेली बरोबर ग्रहण केलेली! १७८३मध्ये लाव्वाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचा कॅलरीमापी वापरला, वितळलेलं पाणी तोलून पदार्थांच्या उष्माधारकता काढल्या. त्या निबंधात त्यांनी फार सावध भूमिका घेतली: उष्णता द्रव असो की कणांची हालचाल, साध्या मिश्रणात ती टिकते, हे दोन्ही बाजूंनी खरंच आहे. गणितं सुटत होती ती म्हणूनच. कल्पना चुकीची असून उत्तर बरोबर.

मिश्रणाबाहेर पडलं की हा द्रव आटायला लागतो, नाहीतर कुठून तरी उपजायला. म्युनिकला तोफा कोरून घेणाऱ्या रम्फर्डने १७९८मध्ये सांगितलं, की बोथट पात्याच्या घर्षणाने अडीच तासांत पाणी उकळलं, आणि घोडे फिरत राहतील तोवर उष्णता निघतच राहते. मग १८४०च्या दशकात मायर आणि जूल यांनी काम आणि उष्णता एकमेकांत बदलतात हे दाखवलं, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आला तो इथून. जूलने वजनं खाली सोडून पाण्यात वल्ही फिरवली. १८५०चा त्याचा आकडा असा, की एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ पौंडांचं वजन एक फूट खाली यावं लागतं. आपल्या एककांत ग्रॅममागे, दर अंश सेल्सिअसला सुमारे ४.१५ जूल, आज आपण ४.१८६ धरतो.

त्याच वर्षी क्लॉसियसने वाफेच्या इंजिनातून कॅलरिक हद्दपार केलं: बॉयलरमधून निघालेली सगळी उष्णता बाहेर पडत नाही, काही भाग ओढण्याच्या कामी खर्ची पडतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्यात आली तेव्हा हा विचार जेमतेम तीन वर्षांचा होता. त्या इंजिनाला विसणाचं समीकरण लावलं असतं तर गाडी जागची हललीच नसती.

म्हणून पुस्तकातल्या गणितांत असते ती ‘उष्णतारोधक पेटीत’, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या पेटीत, ही अट अर्धीच आहे. आत कुणी काम करायचं नाही, हेही धरलेलं असतं. मुलं विचारतात, मग बादली ढवळायची नाही का? खुशाल ढवळा. दहा किलोचं वजन एक मीटर खाली आलं की मिळतात ९८ जूल, आणि दहा लीटर पाणी त्याने तापतं ०.००२ अंश. एवढा फरक ब्लॅकच्या तापमापीवर कुठून दिसणार!