दोन सेकंदांचं कापड

२०२४ च्या अखेरीस महाराष्ट्रात दुचाकीवर मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटची सक्ती कडकपणे राबवण्याचे आदेश निघाले. नागपुरात त्यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेलीच होती: "बर्डीपर्यंत तर जायचं आहे, हेल्मेट कायले?" दुसरी त्याहून मोठ्याने आली: "उद्या म्हणतील जॅकेट घाला, बूट घाला. मे महिन्यात घालून दाखवा म्हणावं!" ही दुसरी प्रतिक्रिया लोक हसून सोडून देतात. मला मात्र तिच्यात एक खरा आणि गंभीर प्रश्न दिसतो. डोक्याखालच्या अंगासाठी संरक्षक कपड्यांची सक्ती असावी का? त्यावर मत बनवण्याआधी गाडी घसरल्यावर कातडीचं आणि कापडाचं नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला हवं.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२९ फक्त डोक्याबद्दल बोलतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पगडी घातलेले शीख सोडून, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. ते नसेल तर हजार रुपये दंड होतो आणि तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. विज्ञानाच्या बाजूने हा विषय केव्हाच संपला आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूची जोखीम ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी होते. २०२२ मध्ये देशात दुचाकीवरच्या ७४,८९७ जणांचा रस्त्यावर जीव गेला, आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. मानेखाली मात्र आपला कायदा गप्प आहे. बेल्जियमने २०११ पासून हातमोजे, लांब बाह्यांचं जॅकेट, पूर्ण लांबीची पँट आणि घोटा झाकणारे बूट सक्तीचे केले. फ्रान्सने २०१६ मध्ये फक्त हातमोज्यांची सक्ती केली. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

समजा, वर्धा रोडवर ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी वाळूवरून घसरली. चालकाच्या अंगाला आता दोन वेग आहेत. एक खालच्या दिशेने: साधारण एक मीटर उंचीवरून पडताना जमिनीला टेकेपर्यंत हा वेग सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर होतो. गाडी ३० ने जात असो की ८० ने, हा आदळण्याचा वेग बदलत नाही. कोपर, खांदा, गुडघा यांवरचे फोमचे पॅड याच आदळण्यासाठी असतात. युरोपीय मानकात त्यांच्यावर ५० ज्यूलचा घाव घालून पलीकडे किती बल पोहोचलं ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा कमी असेल तर पॅड पास.

दुसरा वेग आडवा, आणि तो पूर्ण ५० चा आहे. वाटेत दुभाजक, खांब किंवा ट्रकचं चाक आलं, तर कुठलंही जॅकेट फारसं काही करू शकत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण वाट मोकळी असेल तर माणूस घसरत जातो आणि घर्षणाने थांबतो. कपडे आणि रस्ता यांतला घर्षणांक साधारण ०.७ धरला तर वेग दर सेकंदाला सुमारे ६.९ मीटर प्रति सेकंद एवढा कमी होत जातो. म्हणजे थांबायला दोन सेकंद आणि १४ मीटर लागतात. या गणितात वस्तुमान येतच नाही, बारीक आणि जाड माणूस सारखेच अंतर घसरतात. वस्तुमान येतं ते ऊर्जेत. ७० किलोच्या माणसाची सुमारे ६,७०० ज्यूल गतिज ऊर्जा त्या दोन सेकंदांत कुठेतरी जायला हवी. ती जाते कापड फाडण्यात, कातडी खरवडण्यात आणि उष्णतेत. वेग दुप्पट झाला की वेळ दुप्पट होतो, पण अंतर आणि ऊर्जा चौपट.

म्हणजे खरा प्रश्न एवढाच: अंगावरचं कापड दोन सेकंद टिकेल का?

रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो. डांबरात मात्र खडीची टोकं वर आलेली असतात. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर तर काँक्रीट ओलं असतानाच मुद्दाम आडव्या रेघा ओढलेल्या असतात, टायरला पकड मिळावी म्हणून. असं एक टोक जीन्सच्या कापडात घुसतं तेव्हा ते एका धाग्याला धरून ओढतं. सुताचा तंतू त्याच्या लांबीच्या जेमतेम सात-आठ टक्के ताणला जातो आणि तुटतो. विणलेल्या कापडात फक्त उभे आणि आडवे धागे असतात. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यावर पडतो, तोही तुटतो, आणि मोकळी टोकं सुटत जाऊन भोक मोठं होतं. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेल्या चाचणीत सँडपेपरसारख्या ६० नंबरच्या खरखरीत फिरत्या पट्ट्यावर, सेकंदाला ८ मीटर वेगाने, साधी डेनिम सुमारे अर्धा सेकंद टिकते. उरलेला दीड सेकंद कातडी रस्त्यावर असते. पॉलिएस्टरचा पातळ टी-शर्ट आणखी वाईट. तो २५५-२६० अंशांना वितळतो, आणि घर्षणाच्या ठिकाणी वितळलेलं प्लॅस्टिक जखमेत चिकटतं. कातडीची सहनशक्ती त्या मानाने फारच कमी आहे. ६० अंशांवर खोल भाजायला पाचेक सेकंद लागतात, ७० अंशांवर एक सेकंदही लागत नाही.

आता चामडं घ्या. मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट इथे आहे. चामडं हे विणलेलं नसतं. ते जनावराच्या कातडीचा आतला थर, म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं. कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांचा पीळ असतो, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. हे रेणू एकमेकांपासून ६७ नॅनोमीटर सरकवून शेजारी शेजारी लागतात, त्यामुळे सगळ्यांची टोकं एका रेषेत कधीच येत नाहीत, आणि तुटायला सरळ फट मिळत नाही. रेणूंचे तंतुक, तंतुकांचे तंतू, तंतूंच्या जुड्या. या जुड्या फुटतात, दुसऱ्या जुड्यांना जाऊन मिळतात, पुन्हा फुटतात, आणि हे वर, खाली, तिरपं, सगळ्या दिशांना चालतं. खडीचं टोक त्यात घुसलं तर ओढ एका धाग्यावर न येता डझनावारी तंतूंमध्ये वाटली जाते. दोन-चार तुटले तरी सुटत जायला मोकळं टोकच नसतं. कच्च्या कातडीतलं कोलॅजेन ओलं असताना ६०-६५ अंशांना आकसतं. कमावताना क्रोमियमचे क्षार शेजारच्या साखळ्यांवरच्या कार्बोक्झिल नावाच्या अणुगटांना एकमेकांशी बांधतात आणि ही मर्यादा १०० अंशांच्या पुढे जाते.

आपल्या स्वतःच्या कातडीतही हेच कोलॅजेन आहे. फरक असा की तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि घामाच्या ग्रंथी आहेत, आणि तिचा प्रत्येक मिलिमीटर कामाचा आहे. चामड्याचं जॅकेट म्हणजे झिजायला मोकळी असलेली दुसरी कातडी. त्याने आपल्या कातडीपेक्षा आधी झिजावं, एवढंच त्याच्याकडून हवं असतं.

कृत्रिम धाग्यांत या कामाला ॲरामिड चांगलं. रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत त्यातल्या केव्हलर या प्रकाराचा शोध लावला. ते वितळत नाही, ५०० अंशांच्या आसपास विघटित होतं. पण 'केव्हलर जीन्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच पँटींत ते सगळीकडे नसतं. कित्येकदा गुडघ्यावर आणि मागे एकेक अस्तर लावून वर नाव छापतात. पँट उलटी करून पाहिल्याशिवाय त्या नावावर विश्वास ठेवू नका. युरोपच्या ईएन १७०९२ मानकात कापडाचा तुकडा फिरवून ठरलेल्या वेगाने काँक्रीटच्या लादीवर टाकतात. सर्वाधिक धोक्याच्या जागी 'ए' वर्गाचं कापड ताशी ४५ किलोमीटरला, 'एए' ७० ला आणि 'एएए' १२० ला टिकावं लागतं. शहरातल्या वेगांना 'ए' किंवा 'एए' पुरेसं आहे.

मग उन्हाळ्याचं काय? ३० मे २०२४ ला नागपूरच्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेल्याची बातमी देशभर फिरली. सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्याने लगेच स्पष्ट केलं, पण तो आकडा अजूनही लोकांच्या तोंडी आहे. असल्या आकड्यांवर धोरण ठरवायचं नसतं. खरे ४५ अंश पुरेसे कठीण आहेत, आणि त्यांतलं भौतिकशास्त्र लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. आपल्या कातडीचं तापमान ३५ च्या आसपास असतं. हवा ४५ ची असेल तर उघड्या हाताला लागणारा वारा त्याला थंड करत नाही, तापवतो. वरून सूर्याचं प्रारण असतंच. थंड करणारी एकच गोष्ट उरते, घामाचं बाष्पीभवन, आणि एक लिटर घाम उडाला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणूनच नागपुरातल्या मुली सनकोट, हातमोजे आणि चेहऱ्याला दुपट्टा बांधून स्कूटर चालवतात, आणि ते बरोबर आहे. मे महिन्यात अंग झाकण्याची सवय या शहराला आधीच आहे. फक्त झाकणारं कापड उन्हाला अडवतं, रस्त्याला नाही.

जाळीचं जॅकेट हवा आत येऊ देतं. खाली भिजवलेली सुती बनियन घातली तर मेच्या कोरड्या हवेत ते आपल्या घरच्या कूलरसारखं काम करतं. अडचण येते ती सिग्नलवर. गाडी थांबली की हवा थांबते, बाष्पीभवन मंदावतं आणि उष्णता साचते. जाड, हवा न जाणाऱ्या जॅकेटमध्ये शरीर तापत गेलं तर लक्ष आणि प्रतिक्रिया दोन्ही ढिल्या पडतात, म्हणजे अपघाताची शक्यता वाढते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली मोटोकॅप ही योजना २०१८ पासून जॅकेटांना संरक्षणाचे आणि उष्णतेचे असे दोन वेगळे गुण देते. नागपूरला नेमकी अशीच दुहेरी गुणपत्रिका हवी.

पुरावा काय सांगतो? ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची जोखीम जॅकेटवाल्यांत २१ टक्के, संरक्षक पँटवाल्यांत ५१ टक्के आणि हातमोजेवाल्यांत ५९ टक्के कमी होती. कपडे वापरणारे लोक मुळात अधिक सावध असू शकतात, हे धरूनही फरक मोठा आहे. त्याच अभ्यासात सुमारे ३० टक्के जॅकेटं आणि २५ टक्क्यांहून जास्त हातमोजे अपघातात फाटले किंवा उसवले होते. नुसतं 'जॅकेट' म्हणून काहीही विकत घेऊन भागत नाही.

हातमोजे इतके उपयोगी का, ते सोपं आहे. पडताना हात पुढे जातो, तो मेंदूला विचारून जात नाही. तळहात रस्त्याला धरतो, मनगट मागे वळतं आणि मनगटातलं लहानसं नौकाकृती हाड मोडतं. चांगल्या हातमोज्यात तळहाताच्या टाचेवर कडक, गुळगुळीत तुकडा असतो. त्याने हात रस्त्याला न अडकता सरकतो.

म्हणून माझं मत फ्रान्सच्या बाजूचं आहे, त्यात बेल्जियमचे बूट मिळवून. प्रमाणित हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट सक्तीचे करावेत. ते स्वस्त आहेत, डिकीत मावतात आणि त्यांनी शरीर फारसं तापत नाही. चपलेवर गाडी चालवणं बंद व्हायला हवं. जॅकेट आणि पँटची सक्ती सगळ्यांवर आज करू नये. विकणाऱ्यावर मात्र करावी: घासण्याचा वर्ग आणि उष्णतेचा गुण लेबलवर छापल्याशिवाय 'रायडिंग जॅकेट' विकता येऊ नये. जे दिवसभर पार्सल पोचवण्यासाठी गाडीवर असतात, त्यांना जाळीचं 'ए' वर्गाचं जॅकेट देण्याची जबाबदारी कंपनीची असावी, आणि त्याचा खर्च त्या मुलांच्या कमाईतून कापू नये. अंमलबजावणी नोव्हेंबरात सुरू करावी. तेव्हा नागपुरात सकाळी हातमोजे लोक तसेही शोधत असतात.