सर्व्हिस-ओरिएंटेड कॉम्प्युटिंग: तीन घटक आले कुठून, टिकले किती

सर्व्हिस-ओरिएंटेड कॉम्प्युटिंग म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून नेटवर्कवरून काम सेवा म्हणून करून घेणं. दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) आपल्याच मशीनवरचं असल्यासारखं वापरायचं, ही कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ बिरेल आणि नेल्सन यांचा त्यावरचा, म्हणजे रिमोट प्रोसिजर कॉलवरचा, लेख १९८४ चा. १९९१ मध्ये त्यासाठीचं कोर्बा हे मानक आलं, १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डीकॉम. कंपनीच्या आत दोन्ही ठीक चालायची. बाहेर पडलं की फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) पोर्ट, म्हणजे संदेश आत यायचं दार, अडवायचा, शिवाय दोन्ही टोकांना सारखंच मिडलवेअर (प्रोग्रामांना जोडणारं मधलं सॉफ्टवेअर) लागायचं.

१९९८ मध्ये एक्सएमएल १.० (माहिती खुणांच्या चौकटीत मजकूर म्हणून लिहायची पद्धत) प्रमाण झालं आणि संदेश त्यात बांधून वेबच्याच वाटेने, पोर्ट ८० वरून, पाठवायची सोय झाली. या पद्धतीचं नाव सोप (SOAP). त्याची १.१ आवृत्ती मे २००० ची. फायरवॉलला ती साधी वेब विनंती वाटायची. सुरक्षेवाले कुरकुरले, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग तीन घटकांचं चित्र रूढ झालं: सेवा देणारा, घेणारा आणि दोघांची गाठ घालून देणारी नोंदवही. सेवेत कोणती ऑपरेशन्स, संदेशाचा साचा कसा, पत्ता कुठला, हा करार डब्ल्यूएसडीएल या सेवेचं वर्णन लिहायच्या भाषेत (१.१, २००१). नोंदवही म्हणजे यूडीडीआय; २००० मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी मांडलेली. सार्वजनिक नोंदवही २००६ च्या सुरुवातीला बंद पडली. यादीत नाव दिसलं म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डातला कुठला व्यापारी अनोळखी माणसाला हळदीचा ट्रक उधारीवर सोडेल?

करार मात्र टिकला, रूप बदलून. आज जेसनवर (माहिती लिहायचा एक सुटसुटीत साचा) चालणाऱ्या सेवांसाठी असाच करार ओपनएपीआय या पद्धतीने लिहिलेला असतो. पण करार फक्त साचा तपासतो. त्याच व्यापाऱ्याच्या ई-इनव्हॉइसमध्ये (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलात) १२.५ क्विंटलच्या जागी एककाचा कोड किलोचा गेला, तर आकडा गुणिले दर बरोबरच येतो, तपासणी पार पडते आणि कागदावर वजन शंभरपट कमी दिसतं.

दुसरा घोळ टाइमआउटचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येण्याचा. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं. आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसला मिळणारा नोंदणी क्रमांक, हा विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून बनतो. त्यामुळे तेच बिल पुन्हा पाठवलं तर पोर्टल दुबार म्हणून नाकारतं, आणि ते चांगलंच. सॉफ्टवेअरने पुन्हा पाठवताना नवा बिल क्रमांक टाकला, तर मात्र एकाच मालाची दोन वैध बिलं होतात. पोर्टलवर रद्द करायला २४ तास मिळतात; नंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते.